आशा, ख्रिस्ती धर्मातील

विश्वास, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरनिष्ठ सद्गुणांपैकी मधला सद्गुण. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात हे तिन्ही एकत्र येतात. तेथे प्रीतीला श्रेष्ठ ठरवले आहे. विश्वासावर तर पुढे पंथच्या पंथ भांडले. या दोघांच्या मध्ये आशेकडे जरा दुर्लक्षच झाले. देव दिलेले वचन पाळील आणि येशूचे मेलेल्यांतून उठणे हा त्या वचनपूर्तीचा आरंभ आहे, या भरवशावर पुढच्या काळाकडे पाहणे, असा तिचा अर्थ सांगता येईल. सगळे ठीक होईल असे वाटण्याचा जो आनंदी स्वभाव काहींना जन्मतः लाभतो, त्याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

जुन्या करारातील आशा बहुतांशी याच जगातली आहे : जमीन, संतती, पाऊस, शत्रूपासून सुटका आणि पुढे बाबिलोनमधील बंदिवासातून परतणे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात (अध्याय ३२) आहे, आणि ते चक्क जमीन खरेदीचे आहे. इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. शहर पडणार असे उघड सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल अनाथोथ येथील शेत विकायला येतो आणि यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून ते विकत घेतो. साक्षीदारांच्या सह्या होतात, खरेदीखतावर मोहोर लागते, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला बारूख या लेखनिकाला सांगितले जाते. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे यांचे व्यवहार होतील, हा त्यामागचा संदेश. शहर पडणार हे सांगणारा आणि शेत घेणारा माणूस एकच आहे, हे येथे महत्त्वाचे. यिर्मयाने ते शेत कसल्याची नोंद मात्र कोठे नाही. पुढे लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले. मृतांच्या पुनरुत्थानाची स्पष्ट कल्पना यानंतर बऱ्याच काळाने, दानीएलाच्या ग्रंथात दिसते.

नव्या करारात आशेला ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा पाया मिळतो. थेस्सलनीका येथील मंडळीला पौलाने इ.स. ५०च्या सुमारास लिहिलेले पहिले पत्र उपलब्ध ख्रिस्ती लेखनातील बहुधा सर्वांत जुने आहे. ख्रिस्ताचे पुनरागमन होण्याआधीच जी माणसे वारली त्यांचे काय, असा प्रश्न त्या मंडळीपुढे होता. शोक करूच नका, असे पौल म्हणत नाही; आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो. आत्मा देहाच्या तुरुंगातून सुटतो ही कल्पना ग्रीकांच्या ओळखीची होती. पौल सांगत होता ते देहासह पुन्हा उठण्याविषयी, आणि अथेन्समध्ये त्याची टिंगल झाली ती नेमकी या मुद्द्यावर. या आशेला विश्वाचाही संदर्भ आहे : रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सगळी सृष्टीच प्रसूतिवेदनांत कण्हत आहे, तर प्रकटीकरण या ग्रंथाच्या शेवटी नवे आकाश आणि नवी पृथ्वी येते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जहाजाच्या नांगराची उपमा आहे. रोममधील प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत कबरींवर नांगर कोरलेला आढळतो.

संत ऑगस्टीनने इ.स. ४२१च्या सुमारास या तीन सद्गुणांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात आशेचे विवेचन त्याने प्रभूच्या प्रार्थनेच्या आधारे केले : माणूस जे मागतो तीच त्याची आशा. काटेकोर व्याख्या मात्र थॉमस अक्वायनसची (सु. १२२५–७४). आशेचा विषय चांगला हवा, भविष्यातला हवा, अवघड हवा आणि तरीही शक्य हवा, आणि तो शक्य होतो तो देवाच्या साहाय्याने, असे तो म्हणतो. यातील ‘अवघड’ ही अट फार मोलाची आहे, कारण आशेविरुद्धची दोन पापे तिच्यावरूनच ओळखता येतात. अवघड ते अशक्य मानणे ही निराशा. अवघड ते फुकटात मिळेल असे समजणे हा फाजील भरवसा. निराशेचे रूढ उदाहरण येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत. पेत्रानेही त्याच रात्री गुरूला नाकारले होते, पण तो रडला आणि परतला. यहूदाने गळफास घेतला. स्वर्गस्थांना आशेची गरज उरत नाही आणि नरकवासीयांना ती शक्य नसते, म्हणून अक्वायनसच्या मते हा वाटेवर असलेल्यांचा गुण होय. दान्तेने नरकाच्या प्रवेशद्वारावर आशा सोडण्याची आज्ञा कोरली, ती याच विचाराला धरून.

धर्मसुधारणेच्या काळात वाद झाला तो खात्रीवरून. आपण तारलो गेलो आहोत याचा भरवसा श्रद्धावंताने बाळगावा, यावर प्रॉटेस्टंटांचा भर. विशेष प्रकटीकरणावाचून अशी अचूक खात्री कोणी बाळगू नये, आशा मात्र दृढ ठेवावी, असे कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवले.

मराठीत या आशेचे पहिले मोठे आख्यान फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) आहे, त्याचे पहिले पुराण येणाऱ्या तारणाऱ्याच्या प्रतीक्षेचेच आहे. व्यवहारात ती अंत्यविधीच्या वेळी सर्वाधिक दिसते. मराठी ख्रिस्ती मृत्युवृत्तांत माणूस ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ असे लिहितात, म्हणजे उठणे गृहीत धरलेले असते. वसईच्या कॅथलिक गावांत २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरी फुलांनी सजवून मेणबत्त्या लावतात. देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे दफनाची प्रथा घट्ट राहिली. कॅथलिक चर्चने दहनावरची मनाई १९६३ मध्ये शिथिल केली. रक्षा विखरू नये, असे मात्र २०१६ मध्ये पुन्हा बजावले.

परलोकाच्या आशेने माणूस इहलोकीचा अन्याय मुकाट सोसतो, हा या संकल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. धर्माला अफू म्हणणाऱ्या मार्क्सने तो १८४४ मध्ये घेतला, आणि इतिहासात त्याला पुरावे भरपूर आहेत. गुलामांना आज्ञाधारकपणा आणि स्वर्ग एकाच दमात शिकवणारे धर्मोपदेशक होऊन गेले. ख्रिस्ती बाजूने त्याला खणखणीत उत्तर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ते युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने दिले. धर्माशी फारसा संबंध नसलेल्या घरात तो वाढला. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बाँबवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला आणि तो स्वतः वाचला. पुढे युद्धकैदी असताना त्याने बायबल हाती घेतले. एर्न्स्ट ब्लॉख या निरीश्वरवादी मार्क्सवाद्याच्या आशेवरील त्रिखंडात्मक ग्रंथाने (१९५४–५९) त्याला चालना दिली, हे तो मोकळेपणाने सांगतो. ‘आशेचे धर्मशास्त्र’ (१९६४) या ग्रंथात त्याने म्हटले की, देवाच्या भविष्यावर आशा ठेवणारा आजच्या जगाशी जुळवून घेऊच शकत नाही. आशा त्याला अस्वस्थ करते. १९७१ मध्ये पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएर्रेस यांनी मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले, त्यातही हा सूर आहे.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ च्या आशेविषयीच्या परिपत्रात उलट बाजूने सावध केले : राजकीय प्रगतीलाच देवाचे राज्य समजू नये. उदाहरण मात्र त्यांनी निवडले ते जोसेफीन बखिता हिचे. सुदानमध्ये लहानपणी पळवून वारंवार विकली गेलेली ही गुलाम मुलगी पुढे इटलीत जोगीण झाली. मोल्टमान आणि बेनेडिक्ट यांच्या मतांत अंतर आहे खरे, पण ते सांगितले जाते तितके मोठे नाही. २०२५ हे कॅथलिक चर्चचे महोत्सवी वर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्राखाली झाले. त्याच्या घोषणापत्रात पोप फ्रान्सिस यांनी कैद्यांना शिक्षेत माफी आणि गरीब देशांना कर्जमाफी मागितली, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी एक पवित्र द्वार रोममधील रेबिब्बिया तुरुंगात उघडले.