ट्रॅक्टरचा क्लच स्लिप होतोय? कसं ओळखाल, काय कराल?

हळदीची पोती भरलेली ट्रॉली हिंगोली किंवा वसमतच्या बाजाराकडे निघालीये. चढ लागला, इंजिनचा आवाज वाढला; पण ट्रॅक्टर पुढे सरकेना. अशा वेळी ट्रॉली मागे घसरून अपघात होऊ शकतो.

कसं ओळखाल?
चाकं जागेवर फिरत असतील, तर टायरची पकड सुटली आहे. इंजिन जोरात असूनही चाकं फिरत नसतील आणि जळका वास येत असेल, तर बहुधा क्लच स्लिप होतोय.

का होतं?
इंजिनची ताकद क्लच प्लेटमार्फत गिअरबॉक्सला मिळते. प्लेट झिजली, तिच्यावर तेल आलं किंवा प्रेशर प्लेट कमजोर झाली की पकड सुटते.

काय कराल?
१. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल तपासा. ती नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही. मॅन्युअलमधल्या मापानुसार सेट करून घ्या.
२. तरीही स्लिप होत असेल, तर ट्रॅक्टर मेकॅनिककडून उघडून घ्या. तेल गळत असेल तर ऑइल सीलही बदला. नाहीतर नवी प्लेटही खराब होईल.

काय टाळाल?
क्लचवर पाय ठेवून चालवणं आणि चढावर हाफ क्लचवर ट्रॅक्टर धरून ठेवणं. थांबायचं असेल तर ब्रेक लावा.