महाबळेश्वरचा फ्रियर हॉल

साताऱ्याच्या राज्याचा शेवट आपण कागदपत्रांतून वाचतों. त्याची एक खूण महाबळेश्वरीं दगडांतही उभी आहे. ती म्हणजे फ्रियर हॉल.

१८६४ सालीं बांधलेल्या या दगडी इमारतीची ठेवण सर्वस्वीं विलायती आहे. उतरत्या छपराच्या टोकाशीं भिंत त्रिकोणी होऊन उंच चढत गेली आहे, आणि खिडक्या उभ्या दगडी दांड्यांनीं विभागल्या आहेत. इंग्लंडांतील जुन्या जमीनदारी वाड्यांची हीच रीत. तेथें ती गरजेंतून जन्मली. पूर्वीं मोठाल्या कांचा बनत नसत. म्हणून रुंद खिडकीचे दगडी भाग पाडून, कांचेचे लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीं त्यांत बसवीत. १८६४ पर्यंत मोठ्या कांचा मिळूं लागल्या होत्या, तरी दांडे राहिले ते राहिलेच. परमुलखांत आलेल्या माणसाला गांवाकडच्या घराची आठवण होते, एवढाच त्याचा अर्थ.

पण ठेवण विलायती असली तरी डोंगर आपला. सांगलीचें गणपतिमंदिर काळ्या पाषाणाचें आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र तांबडा जांभा सांपडतो, आणि इंग्रजांचीं तेथील बहुतेक घरें त्याचींच. खाणींतून निघतांना जांभा मऊ असतो, सहज तासतां येतो, आणि वाऱ्यांत राहिला म्हणजे कठीण होतो. दोष इतकाच कीं तो सच्छिद्र आहे. जेथें वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें असली भिंत पाणी पिणारच! तेव्हां पावसाळ्यापूर्वीं भिंतींना वाळक्या गवताच्या जाड ताट्या बांधण्याची वहिवाट पडली. साहेबलोक जूनमध्यें खालीं उतरत. ताट्या बांधणारे, गळतीं पाहणारे मात्र डोंगरावरच राहत. जी गोष्ट दगडाला साधली नाहीं ती गवतानें साधली.

हा डोंगर इंग्रजांकडे आला तो १८२९ सालीं. प्रतापसिंह महाराजांनीं वाईजवळील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत तो दिला, आणि गव्हर्नर माल्कम याच्या नांवानें माल्कमपेठ वसली. दहाच वर्षांनीं, १८३९ सालीं, इंग्रजांनीं त्याच महाराजांना पदच्युत करून काशीस धाडलें. गादीवर त्यांचे बंधु आप्पासाहेब आले. शाळेंत आम्हीं हीं सालें मुलांकडून पाठ करून घेतलीं; मोबदल्यांत मिळालेल्या खंडाळ्याविषयीं कोणाही मुलानें कधीं विचारलें नाहीं.

आप्पासाहेब १८४८ च्या एप्रिलांत वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. त्या वेळीं साताऱ्यास रेसिडेंट होता बार्टल फ्रियर. दत्तकाचा हक्क मान्य करावा, असें त्यानें आपल्या सरकारास कळविलें. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क याचेंही मत तसेंच होतें. डलहौसीनें तें मानलें नाहीं. राज्य खालसा झालें, आणि खालसा मुलखाचा कमिशनर म्हणून नेमला गेला तो हाच फ्रियर! कोणी त्याला साताऱ्याचा कैवारी म्हणतात. मला तें पुरतें पटत नाहीं. त्यानें मत दिलें हें खरें, व तें देण्यास धैर्य लागलें हेंही खरें. पण नेमणूक नाकारली नाहीं. पुढें सिंधप्रांतीं त्यानें नांव मिळविलें. १८६२ सालीं तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि दोनच वर्षांत त्याच्या नांवाचा हॉल महाबळेश्वरीं उभा राहिला. कराचींतही त्याच्या नांवाचा हॉल आहे, तो याहून पुष्कळ मोठा.

महाबळेश्वरच्या हॉलांत ग्रंथसंग्रह होता व सभेची जागा होती. महाबळेश्वर क्लब स्थापन झाला तो १८८१ सालीं. पुढें हॉलही त्याच्याकडे गेला. आप्पासाहेबांची खूण पाहावयाची असेल तर बाजारापासून थोडें खालीं उतरावें. तेथें त्यांनीं १८४२ सालीं बांधविलेला वेण्णा तलाव आहे.