ताप उतरल्यावर

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. आज मी तुम्हांला एका वेगळ्या लढाईची हकीकत सांगणार आहे. ती लढली गेली इस्पितळातल्या मुलांच्या खाटांशेजारी, आणि तिच्यातले मोठे हत्यार होते काचेची एक बारीक नळी.

डेंग्यू हा आजार तसा जुना. अंग मोडून टाकतो म्हणून आपल्याकडे त्याला ‘हाडमोड्या ताप’ म्हणतात. पूर्वी तो माणसाला आठवडाभर छळायचा आणि निघून जायचा. १९४३ साली जपानमध्ये होत्ता आणि किमुरा या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू प्रथम वेगळा काढला. तरीही हा ताप जिवावर बेततो, असे फारसे कोणी मानीत नसे.

मग १९५३-५४ साली फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात काही निराळेच घडू लागले. लहान मुलांना ताप यायचा, तीन-चार दिवसांनी उतरायचा. आई म्हणायची, ‘सुटलो एकदाचे!’ आणि त्याच दिवशी मुलाचे हातपाय गार पडायचे, नाडी बारीक व्हायची, कधी रक्ताची उलटी व्हायची. १९५६ साली हॅमन यांनी तिथल्या मुलांच्या रक्तातून विषाणू शोधून काढले. ते डेंग्यूचेच होते; पण दोन नव्या जातींचे. आधीच्या दोन आणि या दोन मिळून चार जाती झाल्या. १९५८ साली हीच साथ थायलंडमधल्या बँकॉकला आली. अडीच हजारांच्या आसपास रुग्ण इस्पितळांत दाखल झाले, त्यांत बहुतेक मुलेच. आणि दर दहांतला एक दगावला.

आता तुम्ही विचाराल, ताप उतरल्यावर मूल का जावे? रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, म्हणून लक्ष आधी तिकडे जाते. पण मुख्य घात दुसराच होता. आपण श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो. पाणी निथळते आणि घट्ट चक्का उरतो. या मुलांचे तसेच होत होते. रक्तवाहिन्यांतून रक्तातले पाणी पोटात आणि छातीत झिरपत होते, आणि उरलेले रक्त घट्ट होत होते. वाहायला पुरेसे रक्तच नाही, मग नाडी कशी लागणार?

हे ओळखायचे कसे? बोटातले थेंबभर रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, ती नळी यंत्रावर गरगर फिरवायची. तांबड्या पेशी तळाशी बसतात. त्यांचा थर वाढत चालला, की समजावे रक्तातले पाणी गळते आहे. बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉक्टर सुचित्रा निम्मानित्य यांनी वर्षानुवर्षे मुलांच्या खाटांशी उभे राहून हा आजार पाहिला, टिपला. त्यांना दिसले, की गळतीचा काळ साधारण एक-दोन दिवसांचाच असतो. तेवढा वेळ शिरेतून मोजून मीठपाणी दिले, तर मूल तरते. मात्र जास्त दिले तरी धोकाच, बरे का! गळलेले पाणी नंतर आपोआप रक्तात परत येते, आणि मग भार फुफ्फुसांवर पडतो. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी मार्गदर्शिका काढली, तिला बँकॉकच्या याच अनुभवाचा आधार होता. विषाणूवर कोणतेही औषध सापडलेले नसताना थायलंडमधले मृत्यूचे प्रमाण शंभरांत दहावरून एकाच्याही खाली आले.

दुसरे कोडे होते, हे सगळ्यांच मुलांना का होत नाही? स्कॉट हॉलस्टेड हे अमेरिकन डॉक्टर तेव्हा बँकॉकमध्ये काम करीत. त्यांना आढळले, की ज्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा, निराळ्या जातीचा होतो, ती मुले अधिक अत्यवस्थ होतात. पहिल्या तापाने अंगात आलेली शक्ती राखण करण्याऐवजी नव्या विषाणूला घरात वाट दाखवते. क्यूबाने याचा कडू पुरावा दिला. तिथे १९७७ साली पहिल्या जातीची साथ आली, ती सौम्य गेली. १९८१ साली दुसऱ्या जातीची आली आणि १५८ माणसे मेली. त्यांतली १०१ मुले होती.

हा धडा विसरणे महागात पडते. २०१६ सालापासून फिलिपाइन्समध्ये आठ लाखांवर शाळकरी मुलांना डेंग्यूची लस टोचली. २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांना लसीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढतो. मोहीम थांबवावी लागली. आज मूळपेशींच्या उपचाराबद्दलही पुष्कळ बोलले जाते. संशोधन जरूर व्हावे. पण डेंग्यू झालेल्या मुलांसाठी तो मान्य उपचार नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि हे सारे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. १९६३-६४ साली कलकत्त्याने ही साथ पाहिली. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांवर माणसे आजारी पडली आणि चारशेंवर मेली.

तेव्हा गुरुजींनो, बाईंनो, वर्गातले मूल तापाने घरी राहिले, तर ताप उतरल्यावर ‘आता उद्यापासून शाळेत पाठवा’ असे लगेच म्हणू नका. पोट दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते का, लघवी कमी झाली का, मूल मलूल किंवा गार पडले का, एवढे विचारा. यांतले एक जरी दिसले, तरी रात्र आहे म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा. तापासाठी अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी मनाने देऊ नका. तिने रक्तस्राव वाढतो. आणि आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, पिंप घासून कोरडे करा. हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो.

मनिला आणि बँकॉकच्या मुलांनी हे ज्ञान आपल्याला फार मोठी किंमत देऊन मिळवून दिले आहे. ते आपल्या गावात ऐनवेळी कुणाला तरी आठवले पाहिजे.