हवेलीतला मांत्रिक आणि तळ्यातली म्हातारी

इतिहासाच्या नावाने या व्यासपीठावर आलो आणि बोलायला घेतला एक भयपट, हे पाहून काही श्रोते मनातून खट्टू झाले असतील. त्यांची क्षमा मागून एवढेच सांगतो की, चित्रपटातली भुते खोटी असली तरी ती ज्या भूमीवर नाचवली जातात ती भूमी खरी असते, आणि कित्येकदा त्या भूमीला चित्रपटाहून भयंकर अशी एक आठवण असते.

‘नाइट ऑफ द डीमन’ हा इंग्रजी चित्रपट १९५७ साली निघाला. एम. आर. जेम्स या केंब्रिजच्या विद्वानाने लिहिलेल्या आणि १९११ च्या कथासंग्रहात आलेल्या एका कथेवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक होता जाक तूर्नर. कथा थोडक्यात अशी. कार्सवेल नावाचा एक श्रीमंत, विद्वान आणि वागण्याबोलण्यात अत्यंत गोड असा गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईसह खेड्यातल्या प्रशस्त हवेलीत राहतो. गावच्या मुलांना बोलावून विदूषकाच्या वेषात तो जादूचे खेळ करून दाखवतो. पण हाच गृहस्थ एका अघोरी पंथाचा प्रमुख आहे. त्याच्या वाटेला जो जाईल त्याच्या नकळत तो एक चिठ्ठी त्याच्या हाती सरकवतो. तिच्यावर प्राचीन रून लिपीतली अक्षरे असतात. चिठ्ठी ज्याच्यापाशी राहील त्याला ठरल्या घटकेला पिशाच गाठणार. सुटकेचा मार्ग एकच : ती ज्याने दिली त्याच्याच हाती, त्याला न कळता, परत सरकवायची. अमेरिकेहून आलेला डॉ. होल्डन हा मानसशास्त्रज्ञ प्रारंभी या साऱ्याला हसतो आणि शेवटी आगगाडीच्या डब्यात ती चिठ्ठी कार्सवेलच्याच गळ्यात बांधून आपला जीव वाचवतो.

तूर्नरची इच्छा अशी होती की, ते पिशाच पडद्यावर धडपणे दिसूच नये. प्रेक्षकाने ते मनातच पाहावे. निर्मात्याला हे पटले नाही. त्याने एक अक्राळविक्राळ राक्षस चित्रपटाच्या आरंभी आणि शेवटी घुसडलाच. हा वाद रसिक अजूनही चघळतात. आपल्याला तो वाद सोडवायचा नाही. आपले लक्ष आहे त्या हवेलीकडे.

ती हवेली म्हणजे लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशायर परगण्यातला ब्रॉकेट हॉल. ही काही ऐरीगैरी वास्तू नव्हे. इंग्लंडचा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न याचे हे घर; १८४८ साली तो येथेच वारला, आणि १८६५ साली लॉर्ड पामर्स्टन या दुसऱ्या पंतप्रधानानेही येथेच देह ठेवला. अशा घरात चित्रपटाने मांत्रिक बसवला. पण या परगण्याला चेटकाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यात हवेलीची जागा निराळी आहे.

याच हार्टफर्डशायरमध्ये वॉकर्न नावाचे खेडे आहे. तेथे जेन वेनम ही गरीब म्हातारी राहत असे. गावातल्या एका शेतकऱ्याने तिला चेटकीण म्हटले. बाई स्वाभिमानी. ती सरळ न्यायाधिकारी सर हेन्री चौन्सी याच्याकडे फिर्याद घेऊन गेली. हा चौन्सी साधा माणूस नव्हता. १७०० साली त्याने त्या परगण्याचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला होता. त्याने तंटा गावच्या पाद्र्याकडे सोपवला आणि पाद्र्याने बाईला एक शिलिंग नुकसानभरपाई देववली. म्हातारीचे समाधान झाले नाही आणि ती कुरकुरत निघून गेली. पुढे लवकरच पाद्र्याच्या घरच्या तरुण मोलकरणीला झटके येऊ लागले. झाले! आता जेनच आरोपी झाली आणि चौन्सीनेच तिच्या अटकेचा हुकूम काढला. म्हणजे अडाण्यांच्या कुजबुजीला कागदावर उतरवणारे हात शिकलेल्यांचे होते, हे आपण विसरता कामा नये.

मार्च १७१२ मध्ये हार्टफर्डच्या फिरत्या न्यायालयात खटला उभा राहिला. पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीतला १६०४ चा कायदा अजून जिवंत होता आणि त्यात चेटकाला देहान्ताची शिक्षा होती. मांजराच्या रूपातील सैतानाशी सलगीने बोलणे, हा जेनवरचा आरोप! न्यायमूर्ती पॉवेल यांचा या प्रकरणावर काडीचा विश्वास नव्हता. बाई हवेत उडते असे कोणी सांगितले तेव्हा, उडण्यास कायद्याची मनाई नाही, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. पण ज्यूरीने तिला दोषी ठरवले. न्यायमूर्तींना देहान्ताची शिक्षा सुनावावी लागली. मात्र त्यांनी तिची अंमलबजावणी थांबवली आणि ॲन राणीकडून तिला माफी मिळाली. चेटकाबद्दल इंग्लंडात दोषी ठरलेली ही शेवटची व्यक्ती समजली जाते.

माफी मिळाली, पण गावात परतायचे कसे? कागदावरची माफी शेजाऱ्यांच्या डोळ्यांतला संशय पुसू शकत नाही. प्रथम कर्नल प्लमर या जमीनदाराने आणि पुढे कूपर या उमराव घराण्याने तिला आपल्या जमिनीवर झोपडी दिली. १७३० साली ती आपल्या मरणाने मेली. योगायोग असा की, याच कूपर घराण्यात पुढे मेलबर्नची बहीण एमिली सून म्हणून गेली, आणि कालांतराने ब्रॉकेट हॉलही तिच्याकडे आला. चित्रपटाने मांत्रिक बसवला तो अशा घरात. इतिहासात मात्र जिला गाव चेटकीण म्हणत होते तिला आसरा मिळाला तो एका हवेलीच्याच सावलीत.

१७३६ साली पार्लमेंटने जुना कायदा रद्द केला. नवा कायदा, जो १७३५ चा म्हणून ओळखला जातो, मोठा सूक्ष्म होता. चेटूक केले म्हणून यापुढे कोणावर खटला होणार नव्हता. मात्र मला जादू येते, मी भविष्य सांगतो, असे सांगून लोकांना ठकवणाऱ्याला एक वर्षाचा तुरुंगवास होता. कायद्याच्या दृष्टीने चेटकीण संपली आणि भोंदू उरला. केवढी मोठी क्रांती ही!

पण पार्लमेंटात झालेली क्रांती ट्रिंगच्या तळ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. हे ट्रिंगही हार्टफर्डशायरमध्येच आहे. त्या भागात रूथ ऑस्बोर्न ही वृद्ध भिकारीण आपल्या नवऱ्यासह राहत होती. एकदा तिने बटरफील्ड नावाच्या गवळ्याच्या दारी जाऊन थोडे ताक मागितले. त्याने नाही म्हटले. ती काहीतरी पुटपुटत निघून गेली. पुढे त्याची वासरे आजारी पडली आणि मग त्यालाही झटके येऊ लागले. दोष कोणाचा? ताक मागणारीचा! १७५१ च्या एप्रिलमध्ये आसपासच्या बाजारगावांत चक्क दवंडी पिटवण्यात आली की, अमुक दिवशी दोघा दुष्टांना पाण्यात बुडवून पारखण्यात येईल. अधिकाऱ्यांनी त्या जोडप्याला प्रथम गरीबखान्यात आणि मग चर्चमध्ये लपवले. हजारोंचा जमाव जमला, गरीबखाना फोडला गेला, जाळण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. शेवटी म्हातारा-म्हातारी जमावाच्या हाती पडली. त्यांना विवस्त्र करून, चादरीत गुंडाळून, हातापायांचे अंगठे एकमेकांशी बांधून तळ्यात ओढण्यात आले. थॉमस कॉली नावाचा धुराडी झाडणारा इसम काठीने रूथला ढोसत होता. ती मेली. तेव्हा त्याने जमावात फिरून, खेळ दाखवल्याबद्दल, पैसे गोळा केले.

कॉलीला त्याच ऑगस्टमध्ये फाशी झाली आणि त्याचे प्रेत साखळदंडात टांगून ठेवले गेले. फाशीला नेताना घोडेस्वारांचा मोठा पहारा द्यावा लागला, कारण लोक हळहळत होते. आणि ते रूथसाठी नव्हे, कॉलीसाठी! एका दुष्ट चेटकिणीला मारल्याबद्दल माणसाला फाशी द्यावी हा केवढा अन्याय, असे ते म्हणत होते. चेटकाचा कायदा जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

आता त्या चित्रपटातल्या चिठ्ठीकडे पुन्हा वळू. मला वाटते, भुताखेतांच्या त्या कथेत ही एकच गोष्ट इतिहासाला धरून आहे. वासरू आजारी पडते, मोलकरीण झटक्यांनी तळमळते. दुःखाचे कारण कळत नाही, आणि ते कळत नाही हेच माणसाला सोसवत नाही. मग त्या दुःखाची चिठ्ठी तो दुसऱ्याच्या हाती सरकवतो. कोणाच्या? जो ती परत करू शकणार नाही त्याच्या. होल्डनला कार्सवेल सापडला. रूथला कोण सापडणार होते? तिच्या पलीकडे कोणी उरलेच नव्हते. म्हणून चिठ्ठी तिच्या हाती राहिली आणि ठरल्या घटकेला पिशाच आले. ते निर्मात्याच्या कारखान्यात बनलेले नव्हते. ते गावच्या रस्त्याने, दोन पायांवर चालत आले. सैतान त्या दिवशी कोणालाच दिसला नाही. दिसली ती थंडीने कुडकुडणारी एक म्हातारी.

१७३५ चा तो कायदा पुढे दोन शतके टिकला. १९४४ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हेलन डंकन या मृतात्म्यांना बोलावणाऱ्या बाईला त्याखाली नऊ महिन्यांचा कारावास झाला. १९५१ साली तो रद्द होऊन भोंदू माध्यमांविरुद्धचा वेगळा कायदा आला. नंतर सहाच वर्षांनी कार्सवेल पडद्यावर अवतरला. चेटकाची भीती मेली तेव्हा त्याची करमणूक झाली. आणि करमणुकीला भिकारीण चालत नाही. तिला रुंद जिना, ग्रंथालय आणि सुसंस्कृत खलनायक लागतो. मी चित्रपटाला दोष देत नाही. तो मी आवडीने पाहिला आहे. पण तो पाहून उठणाऱ्याच्या मनात चेटूक म्हणजे बलवानाचे शस्त्र असा समज राहून जातो, आणि तो इतिहासाच्या नेमका उलट आहे. या शब्दाचे शस्त्र दुर्बळाच्या हाती नव्हते, त्याच्यावर रोखलेले होते.

हे सारे परक्यांचे म्हणून आपण निश्चिंत घरी जाऊ नये. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि त्यांचा पुण्यात खून झाल्यावर तो वटहुकमाच्या रूपाने आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत भोंदूगिरीबरोबर आणखी एका गोष्टीला अपराध म्हटले आहे : अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे आणि तिला छळणे. हे कलम वाचताना मला त्या गवळ्याची वासरे आठवली. अडीचशेहून अधिक वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर. पण दूध तेच आणि म्हातारीही तीच.

ट्रिंगच्या त्या जमावात गरीबखाना फोडणारे थोडे असतील. बाकीचे नुसते पाहायला आले होते, आणि काठी ओली झाल्यावर त्यांनी खिशातून नाणी काढून दिली. कायद्याने कॉलीला गाठले. त्या नाणी देणाऱ्यांना गाठणे कोणत्याही कायद्याला जमत नाही. ते ज्याचे त्याने करायचे असते.