हर्मान्सबर्ग आणि ताडांची दरी
हर्मान्सबर्ग : ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवरची अरंटा लोकांची वस्ती, त्यांच्या भाषेत न्तारिया. ल्युथरन मिशनने ती १८७७ साली वसवली. १९८२ मध्ये जमीन मूळ मालकांकडे परत आली. चित्रकार अल्बर्ट नामाजिरा इथलाच. लेखक पुढे जातो ती पाम व्हॅली इथून जवळच, फिंक नदीच्या घळीत. वाट बरीचशी कोरड्या पात्रातल्या वाळू-गोट्यांतूनच, म्हणून साधी गाडी चालत नाही. पाऊस पडला तर कोणतीच नाही. तिथले लाल ताड जुन्या, ओल्या हवामानाचे अवशेष मानले जात. जनुकीय तपासणीत मात्र त्यांचे सख्खे भाऊबंद हजारेक किलोमीटर उत्तरेला निघाले. बिया उत्तरेकडून आणल्या गेल्या, ही अरंटांची कथा मिशनरी कार्ल श्ट्रेलोने १८९४ मध्येच टिपून ठेवली होती. लेखकाने तिला ‘भाबडी’ म्हटले, ते घाईचेच.—संपा.