घरखर्चाच्या वहीत न लिहिलेली रक्कम

"पूर्वी घर चालवायला पैसा लागतच नव्हता, गाव सगळ्यांना सांभाळून घेत होतं." जळगाव-धुळ्याकडे हे वाक्य आम्ही लग्नात, एसटीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकतो. बोलणारा बहुतेक वेळा ज्याच्या खळ्यातून बलुतं दिलं जायचं, त्या घरातला असतो. खळ्यावर हात पसरून उभं राहणाऱ्या घरातून हे वाक्य आम्ही अजून ऐकलेलं नाही. तेव्हा एकदा हिशोब मांडूच.

महार वतनदाराच्या घरात वर्षाला काय यायचं? खळ्यातलं बलुतं, तुकडाभर इनाम जमीन, सणासुदीचं शिळंपाकं आणि मेलेलं ढोर. जमीन एकच आणि पिढ्यागणिक वाटेकरी वाढत गेलेले. बदल्यात काय जायचं? सरकारी सारा तालुक्याला पोचवणं, टपाल नेणं, चावडीची राखण, साहेबाच्या घोड्याची चाकरी, शिवेच्या खुणा दाखवणं, मयताचा सांगावा पोचवणं. या कामाला घड्याळ नव्हतं. वतनदार घरी नसला तर बाप, भाऊ, जो सापडेल तो धरला जायचा. म्हणजे राबणारं अख्खं घर, आणि मोबदला मात्र एका माणसाचाही पुरता नाही.

मग घर चालायचं कशावर? बाईच्या निंदणी-खुरपणीच्या आणि कापूस वेचणीच्या मजुरीवर, शाळेत न गेलेल्या पोरावर आणि सावकाराच्या उसनवारीवर. घराचा खरा वार्षिक खर्च काढायचा तर विकत घेतलेल्या मीठ-तेलात हे तिन्ही आकडे मिळवावे लागतात. सरकारला आणि गावाला जी सेवा फुकटात मिळत होती, तिचं बिल महारवाड्यातली चूल भरत होती. "गाव सांभाळत होतं" म्हणणाऱ्यांनी कोण कोणाला सांभाळत होतं ते या वहीत बघावं.

ही वही विधिमंडळात पहिल्यांदा उघडली बाबासाहेबांनी. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात आणलं आणि 3 ऑगस्ट 1928 रोजी त्यावर सविस्तर भाषण केलं. मागणी रोकडी होती. बलुत्याचं रूपांतर पैशात करा, ते साऱ्यासोबत वसूल करा, सरकारी कामाचा पगार द्या, आणि पूर्ण सारा भरून जो सेवेतून मोकळा होऊ इच्छितो त्याला मोकळं करा. सरकारला काळजी पडली ती तिजोरीची. शेवटी 1929 मध्ये बाबासाहेबांना विधेयक मागे घ्यावं लागलं. या भाषणाच्या सहाच दिवस आधी, 28 जुलैला, ते त्याच सभागृहात कामगार बाईच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलले होते. बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे 1929 मध्ये तो कायदा झाला. ही दोन्ही भाषणं आमचे कार्यकर्ते वेगवेगळ्या विषयांत टाकतात. आमच्या मते तो एकच विषय आहे: घराने फुकट दिलेल्या श्रमाचं बिल कोणाच्या नावावर लावायचं?

या वहीतली दुसरी रक्कम म्हणजे अस्पृश्य असण्याचा वाढीव खर्च. तो समजायला चाळीसगाव पुरेसं आहे. 1929 साली एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला बाबासाहेब चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने गेले आणि परतले. स्टेशनवर टांगे भरपूर होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या साहेबाने पायी यावं हे महारवाड्याला पटेना. तोड निघाली ती अशी की भाडं घ्या, टांगा द्या, हाकणारा आमचा. हाकणाऱ्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आम्ही तो प्रसंग हिशोब म्हणूनही वाचतो. भाडं देऊनही सेवा अर्धीच मिळाली आणि उरलेली किंमत शरीराने चुकवली. बॅरिस्टरची ही गत, तर बहिष्कार पडलेल्या गावातल्या घराला मीठ-मिरची काय भावाने पडत असेल?

वतनं कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने. पण जमीन परत नावावर करायला आकाराच्या तिप्पट रक्कम भरायची होती, आणि रोकड तर त्या घराने कधी पाहिलीच नव्हती. 1959 चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह खानदेशातही झाला, त्यामागे हीच रिकामी वही होती. ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांतले कितीतरी सालदार झाले. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं. साल ठरतं एका माणसाचं. गोठ्यातलं शेण काढायला, मालकाच्या घरी दळण-निवडणाला त्याची बायको आली तर ती ठरावात नसते.

शहाण्यासुरत्यांचा हिशोबही फार वेगळा नाही. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचं कुटुंब ठरवलं: पुरुष 1, बाई 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6, एकूण 3 एकक. माणशी वर्षाला 18 वार कापड. त्या काळाच्या मानाने ते मोठं पाऊल होतं, हे मान्यच. पण त्या कुटुंबात म्हातारी आई नाही. शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी 25 टक्के जोडा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 1991 साली. मधली 34 वर्षं तो खर्च घराच्या अंगावरच होता.

आजचे आकडे घ्या. 2023-24 च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये आहे. पाच माणसांच्या घराचे वर्षाला 2,47,320. त्याच वर्षी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी होती 273, म्हणजे केंद्राच्या कायद्याने हमी दिलेल्या 100 दिवसांचे अख्ख्या घराला 27,300. मधली दरी कापूस वेचणारी, ऊसतोडीला जाणारी, बचतगटाचा हप्ता भरणारी बाई बुजवते. वर 2024 च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकामात ती दिवसाला 289 मिनिटं घालवते, पुरुष 88. (आमच्या बैठकांना चहा कोण करतं, हेही त्याच 289 मध्ये धरावं.)

दरवर्षी 31 जुलैला बाबासाहेबांच्या धुळे भेटीची आठवण म्हणून आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. यंदा येताना प्रत्येकाने घरातल्या म्हातारीला विचारून एक पान लिहून आणावं: तिच्या सासरी बलुतं किती यायचं, कोण कोण राबायचं, कर्ज कशासाठी काढलं, कोणाची शाळा कितवीत सुटली. वतनाच्या काळात नांदलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत.