गालिच्याचा कोपरा

जुन्या इराणी गालिच्यांबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात. परिपूर्ण फक्त परमेश्वर, म्हणून विणणारी बाई नक्षीत मुद्दाम एक चूक सोडते म्हणे. गोष्ट गोड आहे, पण मला काही पटत नाही. गालिचा बनतो कसा हे एकदा समजून घेतलं की चुका मुद्दाम करायची गरजच उरत नाही.

मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यातल्या दोन धाग्यांना लोकरीची एक गाठ मारायची, टोक कापायचं, की पुढची गाठ. ओळ पूर्ण झाली की आडवा धागा घालून ठोकायची. एक गाठ म्हणजे एक पिक्सेल समजा. सहा बाय चार फुटांच्या गालिच्यात चौरस इंचाला ६० गाठी धरल्या तर एकूण होतात दोन लाखांच्या वर. दिवसाला ५,००० मारल्या तरी चाळीसेक दिवस. आणि 'अनडू'चं बटण नाही!

काशानसारख्या शहरात कारागिरासमोर चौकटीच्या कागदावर गाठ न् गाठ रंगवलेलं चित्र असायचं. (आपला 'नकाशा' हा शब्दसुद्धा फारसीतूनच आलेला.) चौरस इंचाला २०० च्या वर गाठी, त्यामुळे वेली छान गोलाकार वळतात. तब्रीजच्या पूर्वेला हेरीज आणि आसपासच्या खेड्यांत गाठी साधारण ३० ते ८०. एवढ्या रिझोल्यूशनला गोल वेल काढली तर नुसत्या पायऱ्या दिसणार. म्हणून तिथल्या बायकांनी तेच मधलं मोठं पदक आणि त्याच वेली सरळ, टोकदार रेषांत बसवल्या. याला कुणी भाबडेपणा म्हणेल, मी डिझाइन म्हणतो.

खेड्यात पूर्ण नकाशा बहुधा नसेच. नक्षी डोक्यात, किंवा फार तर 'वागीरे' नावाचा छोटा विणलेला नमुना. त्यात किनारीचा एक तुकडा, एखादं फूल, एवढंच. आपल्या भाषेत कॉम्पोनंट लायब्ररी. बाकीचा हिशेब मागावर बसल्या बसल्या.

आता कोपरा बघा. विणकाम खालून वर जातं. आडव्या किनारीत फुलं किती बसणार हे उभ्या धाग्यांवरून आधीच ठरतं. उभ्या किनारीत मात्र ठोकणं सैल-घट्ट झालं की माप बदलतं. वरच्या कोपऱ्यापाशी पोचेपर्यंत अर्धंच फूल उरतं. मग ती काय करते? एखादं फूल दाबते, एखादं ताणते, मध्ये चांदणी भरते.

तसाच 'अब्राश', म्हणजे रंगाचा आडवा पट्टा. मंजिष्ठा किंवा निळीत रंगवलेली एक खेप संपली, दुसरी जरा फिकी निघाली. लोकर कुठे संपली त्याची तारीख न घातलेली नोंदच ती. आज नव्या गालिच्यांत हा अब्राश मुद्दाम आणतात, कारण गिऱ्हाइकाला जुनेपणा हवा असतो.

म्हणून त्या गोष्टीचा मला राग येतो. 'चूक मुद्दाम केली' म्हटलं की ती बाई भाविक ठरते, आणि तिने सोडवलेलं गणित दिसेनासं होतं. तिचं नाव तसंही कुठे टिकलं नाही. गालिच्याला गावाचं नाव मिळालं, नाहीतर बाजारपेठेचं.

असो. कधी असा गालिचा समोर आला तर मधलं पदक जरा बाजूला ठेवा. आधी वरचा कोपरा शोधा.